स्कोपमधून काढलेल्या पक्ष्यांच्या छायाचित्रांत वारंवार येणारे काळे वर्तुळ आणि धूसरपणा: दोष कोठे शोधावा, कॅमेरा कोणता घ्यावा

मुंबईतील शिवडीच्या जेट्टीवर स्पॉटिंग स्कोपला (दूरचे पक्षी पाहण्याच्या, ट्रायपॉडवर लावायच्या एकनळी दुर्बिणीला) डोळा लावला की दीड-दोनशे मीटरवर चिखलात चरणारा लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) इतका स्पष्ट दिसतो की त्याच्या चोचीचा गडद किरमिजी रंग आणि डोळ्याभोवतीची काळसर छटा वेगवेगळी ओळखता येते. त्याच स्कोपच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, कॅमेरा लावून बटण दाबले, की हाती येते ते काळ्या वर्तुळाच्या मध्यभागी उमटलेले एक गुलाबी धूसर ठिपकेच. डोळ्याला जे दिसले ते कॅमेऱ्याला का दिसले नाही, या प्रश्नाने मला तीन वर्षे छळले. त्या काळात मी दोन कॅमेरे आणि तीन अॅडॅप्टर (कॅमेरा आयपीसवर बसवणारे जोड) बदलले. प्रत्येक खरेदीनंतर दोन-चार दिवस चांगले गेले आणि दोष पुन्हा जसाच्या तसा परत आला. नवा कॅमेरा घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने आधी पुढील तपासण्या घरीच करून पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे, कारण माझ्या बाबतीत दोष कॅमेऱ्याच्या गुणवत्तेत नव्हताच, तर स्कोप आणि कॅमेरा यांच्यामधल्या काही मिलिमीटरांत होता.

प्रथम वर्तुळाची कड पाहा

काळे वर्तुळ दोन प्रकारचे असते आणि दोहोंचे उपाय अगदी वेगळे आहेत. छायाचित्रातील वर्तुळाची कड कंपासने आखल्यासारखी रेखीव असेल, तर दोष काहीच नाही. स्कोपचे दृश्यक्षेत्र जेथे संपते ती कडा कॅमेऱ्याला दिसत आहे, एवढाच त्याचा अर्थ. झूम आयपीस सर्वांत कमी पटीवर असताना डोळ्याला दिसणारे वर्तुळ साधारण ४० अंशांचे असते, तर २६ मिमीच्या, म्हणजे नेहमीच्या मोबाइलच्या मुख्य भिंगाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ८० अंश दिसतात (मिमीचे हे आकडे फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरच्या, हिशेबाने). वर्तुळ चौकटीबाहेर जाण्यासाठी कॅमेऱ्याचा झूम ५० ते ६० मिमीपर्यंत न्यावा लागतो. आयपीस जास्त पटीवर नेला की डोळ्याला दिसणारे वर्तुळ रुंदावते आणि मग ४० मिमीच्या आसपासही काम भागते.

याउलट कड मऊ, धुरकट असेल, काळी सावली एका बाजूला काजूच्या आकारात सरकत असेल आणि कॅमेरा केसभर हलवला तरी ती दुसऱ्या बाजूला उडी मारत असेल, तर खरा दोष आहे आणि तो अंतराचा आहे. हा भाग मी जरा विस्ताराने सांगतो, कारण कॅमेऱ्याची सगळी निवड यावरच अवलंबून आहे.

आयपीसमधून निघणारा प्रकाश काचेपासून काही मिलिमीटर मागे, हवेत, एका लहानशा चकतीत गोळा होतो आणि तेथून पुन्हा पसरतो. या चकतीला एक्झिट प्युपिल म्हणतात आणि काचेपासून तिच्यापर्यंतच्या अंतराला आय रिलीफ. चकतीचा व्यास काढणे सोपे आहे: स्कोपच्या पुढच्या काचेचा व्यास भागिले पट. ८० मिमीचा स्कोप २० पटीवर असेल तर चकती ४ मिमीची, आणि तोच ६० पटीवर नेला तर जेमतेम १.३ मिमीची. ही चकती प्रत्यक्ष पाहता येते. दिवसा स्कोप मोकळ्या आकाशाकडे रोखावा (सूर्याच्या दिशेला चुकूनही नको), आयपीसच्या मागे बटर पेपरचा तुकडा धरावा आणि तो सावकाश पुढे-मागे सरकवावा. एका ठिकाणी कागदावर प्रकाशाचा रेखीव कडांचा ठिपका उमटतो. २० पटीवर तो मुगाच्या दाण्याएवढा असतो आणि ६० पटीवर मोहरीएवढा. त्या जागेपासून काचेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवावे. माझ्या स्कोपवर ते १८ मिमी भरले. आयपीसभोवतीचे रबरी कडे वर फिरवलेले असेल तर यातील निम्मे अंतर तेच खाऊन टाकते, म्हणून कॅमेऱ्याचे काम करताना ते पूर्ण खाली असावे.

आता कॅमेरा हातात घ्यावा, चालू करावा आणि त्याच्या भिंगात समोरून पाहावे. आत जे काळे छिद्र दिसते, ते किती खोल आहे असे वाटते याचा अंदाज घ्यावा आणि मग झूम पुढे-मागे करून ते छिद्र कोठे सरकते हे पाहावे. स्कोपची चकती याच छिद्राच्या जागी पडली पाहिजे. माझा पहिला कॅमेरा ५० पट झूमचा होता. एवढा झूम असल्यावर पक्षी किती मोठा दिसेल, या विचारानेच तो घेतला होता. त्याचे छिद्र झूम करताच नळीत इतके खोल जात असे की १८ मिमीच्या अंतरात ते चकतीला गाठणे शक्यच नव्हते. शिवाय त्याची नळी प्रत्येक वेळी बाहेर येताना आयपीसवर आदळे आणि एके दिवशी भांडुप पंपिंग स्टेशनच्या बांधावर, समोर कैकर (ऑस्प्रे) बसलेला असताना, त्या धक्क्याने तिची मोटार कायमची अडकली. कॅमेऱ्यात काहीही वाईट नव्हते. तो स्वतंत्रपणे वापरण्यासाठी बनवलेला होता, स्कोपच्या मागे लावण्यासाठी नव्हे.

सावली एका बाजूलाच येत असेल तर अंतर बरोबर असून मध्य चुकलेला असतो. जड कॅमेरा अॅडॅप्टरला खाली ओढतो आणि दोन-तीन मिलिमीटरचा लोंबता कोन तयार होतो. ४ मिमीच्या चकतीसाठी दोन मिलिमीटर ही क्षुल्लक चूक नव्हे. अॅडॅप्टरमध्ये खेळ असेल तर त्याच्या कड्याच्या आतून रबराची पातळ पट्टी चिकटवून तो घट्ट करावा. माझ्या सध्याच्या अॅडॅप्टरमध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आहे आणि त्याने चांगली साथ दिली आहे.

धूसरपणाचे मूळ ओळखण्याची चाचणी

वर्तुळ गेले तरी छायाचित्र धूसर येते, ही दुसरी तक्रार. येथे अंदाजाने उपाय करू नयेत. एखादी न हलणारी वस्तू निवडावी. शिवडीला मी किनाऱ्याला लागलेल्या होडीवर रंगवलेला क्रमांक घेतो, घरी असताना समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीवरची अक्षरे. कशालाही हात न लावता, टायमर लावून, एकापाठोपाठ दहा छायाचित्रे काढावीत आणि ती संगणकावर मोठी करून शेजारी शेजारी ठेवावीत. दहाही सारखीच मऊ असतील तर फोकस चुकला आहे. अक्षरे एकाच दिशेने ओढल्यासारखी किंवा दुहेरी दिसत असतील तर कंपन आहे. प्रत्येक छायाचित्र निराळे असेल, एकात अक्षराचा वरचा भाग स्पष्ट आणि दुसऱ्यात खालचा, तर दोष उपकरणात नसून मधल्या हवेत आहे.

फोकसच्या चुकीचे माझ्या बाबतीतले कारण कळायला फार उशीर झाला. मला दूरचा चष्मा आहे आणि स्कोपला डोळा लावताना मी तो काढत असे. चष्म्याविना मला जे स्पष्ट दिसे, ते माझ्या डोळ्याचा दोष सामावून घेऊन केलेले फोकस होते. कॅमेऱ्याला ते लागू पडण्याचे कारण नव्हते. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस ही चूक काही वेळा भरून काढी, काही वेळा नाही, आणि त्यामुळेच दोष कधी येतो, कधी जातो असा भास होई. तेव्हापासून मी कॅमेरा अनंतावर स्थिर करतो, पडद्यावरचे चित्र पूर्ण मोठे करतो आणि केवळ त्याकडे पाहून स्कोपचे चाक फिरवतो. डोळ्याने केलेले फोकस शोधण्यापुरते. छायाचित्रापूर्वी ते पडद्यावर पुन्हा करावेच लागते. दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही म्हणून बरेच जण हे टाळतात. काळ्या कापडाचा तुकडा डोक्यावरून घेणे हा जुन्या फोटो स्टुडिओंतला उपाय येथेही उत्तम चालतो.

कंपनासाठी एवढेच सांगतो की २० पट गुणिले ५० मिमी म्हणजे १००० मिमीच्या भिंगाइतके मोठे दृश्य आपण घेत आहोत आणि पक्ष्याइतकेच आपल्या हाताचे हलणेही तितकेच मोठे होते. दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट, ट्रायपॉडचा मधला दांडा खाली, खाडीवरचा वारा असेल तर ट्रायपॉडला टांगलेली जमिनीला टेकणारी पिशवी, आणि चालत्या पक्ष्यासाठी शटर किमान १/५०० सेकंद. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटीवर मात्र स्कोप नेऊच नये. हलत्या बोटीत तो निव्वळ ओझे आहे आणि साधी टेलिलेन्स त्याहून कितीतरी चांगले काम करते.

कॅमेऱ्याची निवड

स्कोपला डिजिटल कॅमेरा लावण्याची ही पद्धत १९९९ च्या सुमारास मलेशियातील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी लोकप्रिय केली. त्यानंतरच्या काही वर्षांत जगभरच्या पक्षिनिरीक्षकांनी निकॉनचे कूलपिक्स ९९०, ९९५ आणि ४५०० हे कॅमेरे शोधून शोधून घेतले. तीन-चार मेगापिक्सेलचे ते कॅमेरे आज कोणी हातात धरणार नाही. पण ते का चालले हे समजून घेतले की आजची निवड सोपी होते. त्यांचे भिंग लहान होते. झूम तीन-चार पटच होता. झूम करताना नळी बाहेर येत नसे, सगळी हालचाल आतल्या आत होई. पुढे अॅडॅप्टर फिरवून बसवण्यासाठी आटे होते आणि पडद्याचा भाग भिंगापासून वेगळा वळवता येत असे, त्यामुळे तिरप्या स्कोपवरही मान न मोडता पाहता येई. आजही दुकानात कॅमेरा हाती घेतला की मी याच गोष्टी याच क्रमाने तपासतो आणि मेगापिक्सेलचा आकडा शेवटी पाहतो.

एक इंचाच्या सेन्सरचे छोटे कॅमेरे या कामासाठी मला सर्वांत योग्य वाटतात. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतील २०१२ चा पहिला कॅमेरा २८ ते १०० मिमी झूमचा आहे. त्याच मालिकेतील सहाव्या कॅमेऱ्याचा झूम २०० मिमीपर्यंत वाढवला गेला. ऐकताना हा विकास वाटतो, परंतु स्कोपच्या मागे लावायचे असेल तर मी लहान झूमचे जुने मॉडेलच घेईन आणि तेही वापरलेले, कारण त्यात वाचलेले पैसे चांगल्या अॅडॅप्टरवर आणि जड ट्रायपॉडवर खर्च करणे अधिक फलदायी आहे. भिंगे बदलता येणारा कॅमेरा आधीच घरात असेल तर त्याला चपटे, एकाच फोकल लांबीचे भिंग लावावे. मायक्रो फोर थर्ड्सच्या कॅमेऱ्यावर पॅनासॉनिकचे २० मिमी एफ/१.७ किंवा कॅननच्या डीएसएलआरवर ४० मिमी एफ/२.८ ही भिंगे बुटकी आणि हलकी आहेत, आणि त्यांना पुढे फिल्टरचे आटेही आहेत. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यू वापरून आरसा आधीच वर ठेवावा, नाहीतर आरशाच्या धक्क्याने मागचे सगळे कष्ट वाया जातात.

मोठा सेन्सर म्हणजे चांगले छायाचित्र, हा समज मात्र येथे पूर्णपणे बाजूला ठेवावा लागतो. प्रकाश किती मिळणार हे आता कॅमेऱ्याचे भिंग ठरवत नाही, ती ४ मिमीची चकती ठरवते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमीचे भिंग लावले तर ५० भागिले ४, म्हणजे एफ/१२.५ इतकाच प्रकाश पोहोचतो (एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी), मग भिंगावर एफ/१.८ लिहिलेले असो. एक इंची सेन्सरवर तेवढेच दृश्य १८.५ मिमीच्या भिंगाने मिळते आणि हिशेब एफ/४.६ होतो. लहान सेन्सरला त्यामुळे कमी आयएसओ पुरतो, मोठ्याला जास्त लागतो, आणि अखेरीस दोहोंच्या छायाचित्रांतला दाणेदारपणा जवळपास सारखाच होतो. अधिकचे वजन तेवढे आयपीसवर लोंबत राहते. याच हिशेबाने ६० पटीचा मोहही सोडावा: २० पटीच्या तुलनेत तेथे प्रकाश नऊपटीने कमी होतो. पक्षी ओळखण्यासाठी डोळ्याने ६० पटीवर जरूर पाहावे, छायाचित्र २० ते ३० पटीवरच काढावे आणि नंतर हवे तेवढे कापून घ्यावे.

आज बहुतेकांकडे कॅमेरा म्हणून मोबाइलच असतो आणि तो वाईट निवड मुळीच नाही. त्याचे भिंग इतके लहान आणि छिद्र इतके पुढे असते की मऊ सावलीचा त्रास फारच कमी होतो. त्याचा स्वतःचा एक वारंवार येणारा दोष मात्र आहे. सगळे व्यवस्थित जुळलेले असते आणि झूम थोडा वाढवताच पडदा एकाएकी काळा होतो. अनेकांना वाटते की अॅडॅप्टर सरकला. वस्तुतः फोनने मुख्य भिंग सोडून शेजारचे टेलि भिंग चालू केलेले असते आणि त्या भिंगासमोर अॅडॅप्टरचे प्लास्टिक असते. कधी आयपीस अगदी जवळ आहे हे पाहून फोन आपण होऊन मॅक्रोसाठी अल्ट्रावाइड भिंगाकडे वळतो. सेटिंगमध्ये ऑटो मॅक्रो बंद करावे आणि भिंग निश्चित करून ठेवण्याची सोय देणारे कॅमेरा अॅप वापरावे. तसेच चिखलाच्या काळ्या पार्श्वभूमीवरचा पांढरा बगळा किंवा चमचा पक्षी (स्पूनबिल) फोन हमखास जळका, तपशीलहीन करतो. पक्ष्यावर बोट दाबून धरून फोकस लॉक करावे आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढावी.

हवेचा दोष आणि भरतीची वेळ

दहा छायाचित्रांच्या चाचणीत दोष हवेचा निघाला तर कोणताही कॅमेरा तो दूर करू शकत नाही. ऊन चढले की उघड्या चिखलावरची हवा तापून थरथरते आणि दोनशे मीटर अंतरात ती थरथर चित्र विरघळवून टाकते. उपाय एकच, अंतर कमी करणे. आणि खाडीत अंतर कमी करण्याचे काम आपण नव्हे, भरतीचे पाणी करते. ओहोटीला रोहित, पाणटिवळे, शेकाट्ये सगळे चिखलाच्या टोकाशी निघून जातात. पाणी चढू लागले की ते एकेक पाऊल मागे सरत किनाऱ्याकडे येतात आणि पूर्ण भरतीआधीचे दोन तास छायाचित्रासाठी सर्वोत्तम असतात.

शिवडीत आणखी एक अडचण आहे. जेट्टीवरून आपण पूर्वेकडे पाहतो, त्यामुळे हवा शांत असते त्या सकाळच्या वेळी सूर्य नेमका समोर असतो आणि पक्षी काळे येतात. प्रकाश पाठीशी येतो तो दुपारनंतर. म्हणून संध्याकाळी सहाच्या आसपास भरती असलेला दिवस निवडावा आणि चार वाजता तेथे पोहोचावे. आपल्या कोळी बांधवांचा तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब येथे उपयोगी पडतो: तिथीचा आकडा पाऊणने गुणला की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. त्या दिवसांत भांगाची भरती असल्याने पाणी फार चढत नाही, थोडा चिखल उघडा राहतो आणि पक्षी उडून न जाता तेथेच चरत राहतात. अमावास्या-पौर्णिमेला हेच पाणी भर दुपारी चढते आणि हवेची थरथर सर्वांत जास्त असते. ऐरोलीच्या बाजूने खाडीकडे पाहताना दिशा उलटी होते, तेथे सकाळची भरती उत्तम. मुंबईत रोहित साधारण डिसेंबर ते मे या काळात असतात. त्यात जानेवारी-फेब्रुवारीतील थंड हवा स्कोपसाठी सर्वांत स्वच्छ.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात, ज्याला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, काही पक्ष्यांच्या पायांत शास्त्रज्ञांनी घातलेली कडी किंवा रंगीत पट्ट्या दिसतात. त्यावरची अक्षरे वाचता आली तर ते छायाचित्र बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे) जरूर पाठवावे. अशा वेळी सुंदर चित्राचा विचार सोडून एकामागून एक पन्नास-साठ छायाचित्रे काढावीत. हवा कितीही थरथरत असली तरी त्यांपैकी एक-दोन क्षण स्थिर निघतात आणि अक्षर लागते. गेल्या मोसमात एका पाणटिवळ्याच्या पट्टीवरची दोन अक्षरे मला अशाच चव्वेचाळीस छायाचित्रांपैकी फक्त एकात मिळाली.

शेवटी, सगळे जुळलेले असूनही पहिली पंधरा-वीस मिनिटे छायाचित्रे दुधाळ येत असतील तर आयपीसच्या काचेकडे पाहा. वातानुकूलित गाडीतून उतरून खाडीच्या दमट हवेत उपकरण काढले की काचेवर बाष्प धरते आणि ते पुसत बसल्याने लेप खराब होतो. पोहोचण्याच्या अर्धा तास आधी गाडीचा एसी बंद करून काचा उघडाव्यात आणि स्कोप पिशवीतच ठेवावा. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, स्कोप आणि कॅमेरा दोन्ही सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवावेत व जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्यावे. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बुरशी एकदा भिंगाच्या आत धरली, की त्या भिंगाचे छायाचित्र पुन्हा पहिल्यासारखे स्वच्छ येणे कठीण. वापरलेला कॅमेरा घेताना भिंगात मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून तीच सर्वप्रथम शोधावी.